बोलणी करा, पण साठ दिवस मोजत राहा

प्रश्न विचारणाऱ्या ताई फोंड्याच्या आहेत आणि दिल्लीत संयुक्त राष्ट्रांच्या एका संस्थेत फिक्स्ड-टर्म, म्हणजे ठरावीक मुदतीच्या, नेमणुकीवर नॅशनल ऑफिसर (देशातच भरती झालेल्या अधिकारी) आहेत. त्यांनी लिहिलंय ते थोडक्यात असं. वर्षभरापूर्वी सुपरवायझर बदलला. तेव्हापासून हातची कामं एकेक करून काढून घेतली गेली, बैठकांची निमंत्रणं येईनाशी झाली, अप्रेझलमध्ये, म्हणजे कामगिरीच्या मूल्यमापनात, ‘अपेक्षा अंशतः पूर्ण’ असा शेरा पडला. ५ ऑगस्टला एचआरची दोन ओळींची मेल आली: ३१ डिसेंबरला संपणारी नेमणूक वाढवली जाणार नाही. कारण दिलेलं नाही. आता त्या चवथीला घरी आल्या आहेत, मेल येऊन ३८ दिवस झालेत. वकिली करणारे मामा म्हणतात, नोटीस पाठव आणि लेबर कमिशनरकडे जा. ऑफिसातली मैत्रीण म्हणते, ओम्बड्समनशी, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या अडचणी गुप्तपणे ऐकून मार्ग काढायला मदत करणाऱ्या तटस्थ माणसाशी, बोल. आणखी एक सहकारी म्हणतो, तो नुसतं ऐकून घेतो, उलट तुझंच नाव खराब होईल. मग करायचं काय?

मी अशाच संस्थांच्या एचआरमध्ये बरीच वर्षं काढली आणि शेवटची काही वर्षं कर्मचारी आणि प्रशासन यांच्यात मध्यस्थी करण्यात गेली. आता डिचोलीला घरी असते, त्यामुळे मोकळेपणाने लिहिते. ताई, तुमच्या पत्रात एक वाक्य ओझरतं येऊन गेलंय, की येत्या १ मार्चला नोकरीला पाच वर्षं होतील. मला तेच वाक्य सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. त्याकडे येतेच.

आधी गुंता सोडवू. तुम्ही तीन वेगवेगळ्या गोष्टी एका दमात सांगितल्यात. नेमणूक न वाढवणं हा प्रशासकीय निर्णय आहे. सुपरवायझरची वागणूक हा वर्तनाचा प्रश्न आहे. आणि अप्रेझलचा शेरा ही नोंद आहे. तिन्हींचे दरवाजे वेगळे आणि मुदतीही वेगळ्या. लोक तिन्हींचं एकच लांबलचक तक्रारपत्र करतात, ते डझनभर लोकांना पाठवतात, आणि वाचणाऱ्याला कळतच नाही की बाईला नक्की हवंय काय. अनौपचारिक मार्गाचा, म्हणजे ओम्बड्समन आणि मध्यस्थीचा, खरा उपयोग इथेच असतो, तिन्हींबद्दल एकाच माणसाशी एकत्र बोलता येतं. पण त्या मार्गाने कितीही चाललात तरी निर्णयाविरुद्धच्या मुदतीचं घड्याळ आपोआप थांबत नाही. माझं उत्तर मुख्यतः याच मुद्द्याभोवती आहे.

मामांचा सल्ला आधी बाजूला करू, नाहीतर त्यातच दिवस जातील. तुमची संस्था भारतात नोंदलेली आंतरराष्ट्रीय एनजीओ असती तर मामांच्या सल्ल्याचा विचार करता आला असता. संयुक्त राष्ट्रांना मात्र १९४६ च्या विशेषाधिकार करारामुळे देशोदेशीच्या न्यायालयांपासून संरक्षण आहे, आणि आपल्याकडे त्यासाठी १९४७ चा स्वतंत्र कायदा आहे. पणजीत पाटोवरच्या श्रम शक्ती भवनात, लेबर कमिशनरच्या कार्यालयात, अर्ज दिलात तरी तो पुढे सरकणार नाही. वकिलाची नोटीस गेली की ऑफिस ती थेट कायदा विभागाकडे पाठवतं आणि ज्यांच्याशी बोलणं शक्य होतं तेही बोलायचे बंद होतात. पण संरक्षण आहे म्हणून कर्मचारी वाऱ्यावर, असंही नाही. बाहेरची न्यायालयं बंद असतील तर आत न्यायाची सोय हवी, हे आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९५४ च्या सल्लामतात मान्य केलं आहे. आजची आतली व्यवस्था १ जुलै २००९ पासूनची आहे: पहिल्या पायरीचं विवाद न्यायाधिकरण, त्यावर अपील न्यायाधिकरण, आणि या दोन्हींच्या अलीकडे अनौपचारिक सोडवणुकीसाठी ओम्बड्समन आणि मध्यस्थी. आधी अनौपचारिक प्रयत्न करून पाहा, असं कर्मचारी नियमांतच म्हटलेलं आहे. म्हणजे ओम्बड्समनकडे जाणं ही बंडखोरी नव्हे.

तुमच्या संस्थेचं नाव तुम्ही दिलेलं नाही, आणि बरंच काही त्यावर ठरतं. यूएनडीपी, युनिसेफ, यूएनएफपीए, यूएनऑप्स आणि यूएन विमेन यांचा मिळून एक ओम्बड्समन आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातल्या लोकांसाठी वेगळं कार्यालय आहे आणि आशियासाठी त्याची शाखा बँकॉकला आहे. निर्वासितांची संस्था आणि अन्न कार्यक्रम यांचे आपापले आहेत. आरोग्य संघटना, कामगार संघटना, युनेस्को यांसारख्या विशेष संस्थांचे नियमच वेगळे. त्यांचे वाद शेवटी जिनिव्हाच्या कामगार संघटनेच्या न्यायाधिकरणात जातात आणि तिथे जाण्याआधी आतल्या सगळ्या पायऱ्या चढून झालेल्या असाव्या लागतात. पुढचं सगळं मी तुम्ही सचिवालयाच्या किंवा पहिल्या पाचांपैकी एखाद्या संस्थेच्या स्टाफ आहात असं धरून लिहितेय. तसं नसेल तर दिवसांचे आकडे आपल्या संस्थेच्या नियमपुस्तकात पडताळा. विचार करण्याची पद्धत मात्र हीच राहील.

आता सहकाऱ्याचा आक्षेप. ओम्बड्समनच्या हातात काही नसतं, हे अर्धं खरं आहे. तो निर्णय फिरवू शकत नाही, चौकशी करत नाही, कोण बरोबर हे ठरवत नाही, तुमचा वकीलही नसतो. आपल्याकडे वाड्यावर भांडण झालं की एखादा जाणता माणूस दोघांना सोप्यावर बसवून मिटवतो, पण संध्याकाळपर्यंत ते सगळ्या गावाला कळलेलं असतं आणि जाणत्याचीही कुठेतरी सोयरीक असतेच. ओम्बड्समनचं कार्यालय या दोन्ही गोष्टी टाळण्यासाठी बांधलेलं आहे. तो एचआरच्या साखळीत येत नाही. तुमच्या परवानगीशिवाय तो कुणालाही फोन करत नाही. अपवाद एकच, कुणाच्या जिवाला तातडीचा गंभीर धोका असेल तर. त्याच्याकडची टिपणं तुमच्या फाइलला लागत नाहीत. याची दुसरी बाजूही लक्षात घ्या: त्याला सांगितलं म्हणजे संस्थेला कळवलं असं होत नाही. उद्या तुम्ही ‘मी ऑगस्टमध्येच तक्रार केली होती’ म्हणालात आणि ती फक्त ओम्बड्समनकडे केलेली असेल, तर नियमाच्या दृष्टीने ती झालेलीच नाही.

मग त्याच्याकडे असतं काय? दारं उघडण्याची सोय. तो देशप्रमुखाशी (म्हणजे संस्थेच्या त्या देशातल्या कार्यालयाच्या प्रमुखाशी), एचआरच्या वरच्या माणसाशी, मुख्यालयाशी थेट बोलू शकतो, आणि त्याचा फोन आला की लोक उचलतात. मी एचआरमध्ये असताना असा फोन आला की आमची पहिली हालचाल फाइल काढून पुन्हा वाचण्याची असायची. निम्म्या वेळा त्या वाचण्यातच एखादी चूक सापडायची.

आता घड्याळ. निर्णय कळल्यापासून ६० कॅलेंडर दिवसांत ‘मॅनेजमेंट इव्हॅल्युएशन’ची मागणी लेखी जायला हवी, म्हणजे हा निर्णय नियमाला धरून आहे का ते प्रशासनाने पुन्हा तपासावं अशी विनंती. तुमची मेल ५ ऑगस्टची, म्हणजे शेवटचा दिवस ४ ऑक्टोबर. शनिवार-रविवार आणि चवथीची सुट्टी सगळं त्यात धरलेलं आहे. ही मागणी मुदतीत गेली नाही तर न्यायाधिकरणाचं दार बंद होतं, आणि ही विशिष्ट मुदत माफ करायचा अधिकार न्यायाधिकरणालाही नाही. ओम्बड्समनमार्फत बोलणी चालू असतील तर मुदत वाढू शकते, पण ती आपोआप वाढत नाही. वाढवल्याचं लेखी हातात यायला हवं. ‘आपण बोलतोय ना, मग काळजी कशाला’ हे एचआरमधल्या कुणी तोंडी सांगितलं तर ते वाढ नव्हे. बोलणारा बहुतेक वेळा मनापासूनच बोलत असतो. तरीही मुदत टळलेली फाइल टेबलावर आपोआप तळाला जाते, हे मी त्या बाजूला बसून पाहिलंय.

याच जागी दुसरा एक सापळा आहे. निर्णय आला की लोक लिहितात, कृपया पुनर्विचार करावा. तीन आठवड्यांनी उत्तर येतं, निर्णय कायम आहे. लोकांना वाटतं आता नवे ६० दिवस मिळाले. नाही मिळाले. जुन्याच निर्णयाचा पुनरुच्चार झाल्याने घड्याळ पुन्हा सुरू होत नाही. तुम्हाला कारण विचारायचंच आहे, ते जरूर विचारा, एका ओळीच्या मेलने आणि आजच. फिक्स्ड-टर्म नेमणूक वाढेलच अशी अपेक्षा नियम धरू देत नाहीत, पण विचारल्यावर कारण सांगणं प्रशासनाला भाग आहे. अपील न्यायाधिकरणाने २०१२ मध्ये तसं ठरवलेलं आहे. सांगितलेलं कारण वस्तुस्थितीला धरूनही असावं लागतं. ‘निधी संपला’ म्हणाले आणि महिन्याभरात त्याच कामाची जाहिरात निघाली, तर तो मोठा मुद्दा होतो. ‘कामगिरी’ म्हणाले तर अप्रेझलची नोंद मध्यभागी येते, आणि शेऱ्याला आव्हान द्यायची मुदत फारच छोटी असते. सचिवालयात ती १४ दिवस आहे. तुमची निघून गेली असेल, तरी चर्चेत तो शेरा बदलून मागता येतो. हा अनौपचारिक मार्गाचा मोठा फायदा: औपचारिकरीत्या बंद झालेली गोष्टही तिथे टेबलावर ठेवता येते.

म्हणून माझा सल्ला दोन्ही मार्ग बरोबर चालवण्याचा आहे. ओम्बड्समनला उद्या मेल करा, ऑफिसच्या नव्हे तर खाजगी मेलवरून, आणि फोनही ऑफिसचा वापरू नका. कार्यालय न्यूयॉर्कचं असेल तर सध्या फोंड्यात संध्याकाळचे सात म्हणजे तिथे सकाळचे साडेनऊ. बँकॉक आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे. त्याच वेळी स्टाफ कायदा सहाय्य कार्यालयाला लिहा. तिथले वकील याच नियमांवर रोज काम करतात आणि त्यांची फी नसते, कारण कर्मचाऱ्यांच्या पगारातल्या ऐच्छिक कपातीतून त्यांच्या कामाला हातभार लागतो. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत मुदतवाढ लेखी मिळाली नाही, तर इव्हॅल्युएशनची मागणी सरळ पाठवून द्या. त्याने बोलणी बिघडतील ही भीती मी असंख्य वेळा ऐकली. बिघडलेली क्वचितच पाहिली. उलट समोरच्याला ३० ते ४५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं, त्यामुळे फाइल हलते आणि तडजोडीचा विचार सुरू होतो. मुदतीतली मागणी हातात असलेल्या माणसाशीच प्रशासन गंभीरपणे बोलतं, हे माझं पक्कं मत आहे.

याच काळात न्यायाधिकरणाकडे निर्णयाला तात्पुरती स्थगितीही मागता येते, पण त्यासाठी निर्णय सकृद्दर्शनी बेकायदेशीर, बाब तातडीची आणि नुकसान भरून न येणारं असं सगळं दाखवावं लागतं. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबून घाई झाली म्हणणाऱ्याची तातडी धरत नाहीत. हे कायदा सहाय्यवाल्यांना ठरवू द्या.

आता पाच वर्षं. ओम्बड्समन पहिल्याच भेटीत विचारेल, तुम्हाला काय हवंय? ‘न्याय’ या उत्तरावर कुणालाच काही करता येत नाही. तुमच्या बाबतीत एक ठोस उत्तर आकड्यांतच आहे. पेन्शनपात्र वेतनाच्या ७.९ टक्के तुम्ही संयुक्त राष्ट्रांच्या पेन्शन फंडात भरता आणि १५.८ टक्के संस्था भरते. पाच वर्षांच्या आत बाहेर पडलात तर तुमचं स्वतःचं योगदान व्याजासह परत मिळतं. संस्थेचा हिस्सा फंडातच राहतो. पाच वर्षं पूर्ण झाली की निवृत्तीच्या वयापासून हयातभर मिळणाऱ्या पेन्शनचा हक्क लागतो. तुम्ही १ मार्चला रुजू झालात आणि नेमणूक ३१ डिसेंबरला संपतेय, म्हणजे चार वर्षं दहा महिने. फक्त दोन महिने कमी पडतायत. ‘निर्णय मागे घ्या’ म्हटलं तर सुपरवायझरची मान खाली जाते, देशप्रमुखाला त्याची बाजू घ्यावीच लागते. ‘फेब्रुवारी अखेरपर्यंत मुदत वाढवा’ म्हटलं तर कुणाचीच मान जात नाही, खर्च दोन महिन्यांचा, आणि तुम्हाला मिळतं ते आयुष्यभराचं. माझ्या अंदाजाने त्या दोन ओळी लिहिणाऱ्याने हे पाहिलेलंसुद्धा नाही. आणि समजा वाढ मिळालीच नाही, तरी पैसे काढून घ्यायची घाई करू नका. निवड ३६ महिन्यांपर्यंत पुढे ढकलता येते, आणि तेवढ्यात फंडाच्या दुसऱ्या सदस्य संस्थेत लागलात तर आधीची सेवा धरून मोजणी पुढे चालू राहते.

म्हणजे सुपरवायझरचं वागणं सोडून द्यायचं का? नाही. पण तिथेही काय मागायचं ते ठरवा. एक जुनं प्रकरण सांगते, ओळख पुसून. लॉजिस्टिक्समधला एक असिस्टंट. वरिष्ठाने एका मेलमध्ये त्याच्या चुकीवर बोट ठेवलं आणि प्रत वीसेक जणांना पाठवली. याला माफी हवी होती, तो द्यायला तयार नव्हता. समोरासमोर बसवायची दोघांची मनःस्थिती नव्हती, म्हणून मी आळीपाळीने एकेकाशी बोलत राहिले. बोलता बोलता कळलं की हा माणूस रिकाम्या वरच्या पदाचं काम कित्येक महिने पाहत होता आणि ते नव्या वरिष्ठाला कुणी सांगितलंच नव्हतं. वरच्या पदाचं काम तीन महिन्यांहून जास्त केलं आणि अटी पुऱ्या होत असतील तर त्यासाठी विशेष भत्ता आहे. शेवटी ठरलं ते असं: भत्त्याचा प्रस्ताव मागच्या तारखेपासून जाईल, आणि वरिष्ठ त्याच वीस जणांना एक मेल करेल की या पदाचा भार अमुक तारखेपासून हे सांभाळत आहेत. त्या मेलमध्ये माफीचा शब्द नव्हता. असिस्टंटने ती मेल छापून घरी नेली.

तुम्हीही ओम्बड्समनच्या भेटीआधी एका पानावर तारखा लिहून काढा. डावीकडे तारीख, उजवीकडे काय झालं, आणि त्याचा कागद आहे की नाही. विशेषणं नकोत. ‘मला हेतुपुरस्सर डावललं’ लिहिण्याऐवजी ‘१२ मेची बैठक: निमंत्रितांत नाव नाही, मागच्या चारही बैठकांत होतं’ असं लिहा. हे पान बनवताना कधी कधी आपलाच समज बदलतो, तेही होऊ द्या. कामावरून झालेला मतभेद नियमांच्या दृष्टीने सहसा छळ ठरत नाही. सतत आणि ठरवून एकटं पाडणं ठरू शकतं. तुमच्या पत्रावरून मला दोन्ही शक्य वाटतात, आणि पान पाहिल्याशिवाय त्यात मी पडणार नाही. लैंगिक छळ किंवा पैशाचा गैरव्यवहार असता तर मात्र मी मध्यस्थी सुचवलीच नसती. ते चौकशीचं काम आहे.

नाव खराब होण्याची भीती मी झटकून टाकत नाही. छोटं ऑफिस असेल तर लोक तर्क करतात. पण मध्यस्थी दोघांच्या संमतीनेच होते, तिथे बोललेलं न्यायाधिकरणात वापरता येत नाही, आणि गैरवर्तनाची रीतसर तक्रार केल्याबद्दल कुणी सूड घेतला तर एथिक्स ऑफिसकडे संरक्षण मागता येतं. निव्वळ ‘माझी नेमणूक का नाही वाढवली’ एवढ्याच वादाला हे संरक्षण लागू होईलच असं मात्र धरून चालू नका.

मध्यस्थीची वेळ आली तर पहिला प्रश्न विचारा: समोरून येणाऱ्याला सही करायचा अधिकार आहे का? नसेल तर तीन बैठका छान होतात आणि चौथीत मुख्यालय नाही म्हणतं. दुसरं, ठरलेली प्रत्येक गोष्ट तारखेसह लेखी घ्या. ‘लवकरात लवकर’ नको, ‘१५ नोव्हेंबरपर्यंत’ हवं. करार झाला की त्या वादावर पुन्हा न्यायाधिकरणात जाता येत नाही; फक्त तो पाळला नाही म्हणून जाता येतं, आणि ते कराराच्या शेवटच्या तारखेपासून ९० दिवसांत. तारीखच लिहिली नसेल तर सहीपासून तिसाव्या दिवसानंतर हे ९० दिवस मोजतात. बोलणी फिसकटली तर त्या दिवसापासून ९० दिवसांत मूळ वाद न्यायाधिकरणात नेता येतो, आधीच्या मुदती पाळलेल्या असतील तर. शेरा बदलायचं ठरलं असेल तर जुनी प्रत फाइलमधून काढायची की नवी जोडायची, संदर्भासाठी फोन आला तर कोण काय सांगणार, हेही त्याच कागदावर येऊ द्या. सही करण्याआधी तो कायदा सहाय्यवाल्यांना एकदा दाखवा.

हे वाचणाऱ्या इतरांपैकी बरेच जण स्टाफ नसून कन्सल्टंट किंवा वैयक्तिक कंत्राटावर असतील. तुम्हाला हे न्यायाधिकरण उघडं नाही; तुमच्या करारात वादाचं कलम असतं आणि ते सामंजस्याने सोडवणूक, नाहीतर लवाद, असं सांगतं. लवाद परवडणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही, म्हणजे प्रत्यक्षात तुमच्यासाठी बोलणी हाच मोठा रस्ता. आपल्या संस्थेचा ओम्बड्समन कंत्राटी लोकांना घेतो का, ते मेल करून विचारा. वर सांगितलेल्या पहिल्या पाच संस्थांचा घेतो. करार, मुदतवाढीची पत्रं आणि स्वतःच्या कामाच्या पोचपावत्या ऑफिसचं लॉगिन बंद होण्याआधी गोळा करून ठेवा. फक्त स्वतःच्या, दुसऱ्यांची माहिती असलेले कागद बाहेर नेऊ नका.